कपड्यावरचा मेणाचा डाग: आधी गारवा, मग इस्त्री

जुने गोवे येथील ३ डिसेंबरच्या, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला) मेणबत्ती लावून परतलेल्या माणसाच्या बाहीवर किंवा साडीच्या पदरावर मेणाचा एखादा थेंब सापडला, तर गोव्यात त्याचे कोणाला नवल वाटत नाही. म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रीस सायबिणीला (मेरीमातेला) तेल आणि मेणबत्त्या वाहणाऱ्यांत हिंदू भाविकही असतात, पावसाळ्यात वीज गेली की घरात मेणबत्ती पेटते, आणि दिवाळीत मेण भरलेल्या पणत्या आता सर्रास लावल्या जातात. डाग पडण्याचे प्रसंग असे वर्षभर येत राहतात. कपडा मात्र बहुतेक वेळा मेणाने खराब होत नाही; डाग दिसताक्षणी आपण तो ओल्या फडक्याने चोळतो किंवा गरम पाण्यात बुडवतो, आणि त्या घाईने तो खराब होतो.

मेण पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नुसत्या साबणपाण्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. ओले असताना चोळले तर ते धाग्यांच्या आत दाबले जाते. गरम पाण्यात घातले तर वितळून कपडाभर पसरते आणि पाणी निवल्यावर पुन्हा धरून बसते. शिवाय रंगीत मेणबत्तीच्या डागात दोन गोष्टी असतात, एक मेण आणि दुसरा त्यातला रंग. या दोहोंचे उपाय वेगळे असल्यामुळे ते एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने करावे लागतात.

थेंब पडल्यावर पहिली कृती म्हणजे काहीही न करता तो पूर्ण घट्ट होऊ देणे. एप्रिल-मेच्या उकाड्यात आपल्याकडे मेण नुसत्या हवेवर नीट कडक होत नाही, म्हणून कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवावा. कपडा मोठा असेल तर पिशवीत बर्फाचे खडे बांधून ती डागावर धरावी; बर्फ थेट लावल्यास पाणी झिरपते आणि पुढची इस्त्री ओल्या कपड्यावर करावी लागते. मेण ठिसूळ झाले की कपडा डागाच्या जागी किंचित दुमडावा, म्हणजे पापुद्रा तडकतो. उरलेला भाग चमच्याच्या कडेने किंवा बाद झालेल्या एखाद्या प्लास्टिकच्या कार्डाने धाग्याच्या दिशेने खरवडून काढावा. येथे सुरी, ब्लेड किंवा आडोळीचे (विळीचे) पाते वापरण्याचा मोह टाळावा, कारण मेण निघते, पण त्याबरोबर धागाही तुटतो. या टप्प्याला जितका वेळ द्याल तितके पुढचे काम हलके होते. जाड थर तसाच ठेवून इस्त्री फिरवणे म्हणजे ते सगळे मेण स्वतःच्या हाताने कापडाला पाजणे होय.

आता इस्त्रीचा टप्पा. मेणबत्तीचे पॅराफिन साधारणपणे ५० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना. कपड्याच्या पट्टीवर इस्त्रीच्या चित्रात जे ठिपके असतात, त्यांपैकी एक ठिपका म्हणजे ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २०० अंशांपर्यंतची उष्णता. हे आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते: कोणत्याही मेणबत्तीच्या मेणासाठी इस्त्रीची सर्वांत कमी उष्णता पुरेशी असते. सुती कापड आहे म्हणून इस्त्री तापवून लाल करण्याचे काही कारण नाही. वाफेचे बटण बंद ठेवावे, कारण येथे कोरडी उष्णताच हवी.

डागाच्या खाली आणि वर टीपकागद, साधा टिश्यू पेपर किंवा न छापलेला खाकी कागद ठेवावा आणि इस्त्री न सरकवता काही सेकंद दाबून उचलावी. मेण पातळ होते, कागद ते शोषून घेतो आणि कागदावर तेलकट ठिपका उमटतो. दर वेळी कागदाची कोरी जागा डागाखाली आणावी, आणि कागदावर काहीच उमटेनासे होईपर्यंत हे करत राहावे. एकच कागद पुन्हा पुन्हा वापरला तर निघालेले मेण कपड्यात परत जाते. बटर पेपर शोषत नाही, त्यामुळे तो निरुपयोगी आहे. वर्तमानपत्राबद्दल मी अनुभवाने सांगू शकतो: घाईत हाताशी आले म्हणून मी ते एकदा पांढऱ्या मेजपोसावर ठेवले, आणि मेणाचा डाग जाऊन त्या जागी मथळ्याची उलटी अक्षरे उमटली. पावसाळ्यात आपल्याकडचा कागदही दमट असतो. तो आधी कोरडाच इस्त्रीखाली फिरवून घ्यावा.

मेण गेल्यावर जो फिका किंवा रंगीत ठसा उरतो, त्याच्यासाठी औषधांच्या दुकानातले सर्जिकल स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन कडेकडून मध्याकडे टिपावे, चोळू नये. त्यापूर्वी आतल्या शिवणीवर एक थेंब लावून कपड्याचा स्वतःचा रंग सुटत नाही ना, ते पाहावे. स्पिरिट लगेच पेट घेते, तेव्हा हे काम देवघरातल्या समईपासून दूर, खिडकी उघडी ठेवून करावे आणि ते पूर्ण उडून जाईपर्यंत कपड्यावर इस्त्री ठेवू नये. शेवटी भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा थेंब लावून, दहा मिनिटे थांबून, कपडा नेहमीप्रमाणे धुवावा. तो सावलीत वाळवून उजेडासमोर धरावा. तेलकट वर्तुळ दिसले तर कागद-इस्त्रीची एक फेरी पुन्हा करावी.

सगळ्याच कापडांना हा क्रम जसाच्या तसा लागू पडत नाही. लाल चौकड्यांच्या जुन्या कुणबी साडीचा रंग पाण्यातही सुटू शकतो, म्हणून तिच्यावर स्पिरिट आणि साबण या दोन्हींची चाचणी आधी करावी. रेशमी मुकटा किंवा साडी असेल तर ती उलटी करून, कागदावर पातळ सुती फडके टाकून, एका ठिपक्याच्या उष्णतेवरच इस्त्री दाबावी. क्लोरीनची ब्लीच रेशमावर आणि लोकरीवर कधीही घालू नये. नायलॉनसारखे कृत्रिम धागे जास्त उष्णतेने चकाकतात किंवा आकसतात. मखमलीवर इस्त्री दाबली की तिची लव बसते, म्हणून ती उलट बाजूनेच घ्यावी. चामड्याला इस्त्री लावूच नये. सोफ्याच्या खोळी निघत असतील तर त्या काढून घ्याव्यात. निघत नसतील तर बर्फ, खरवडणे आणि कागदावरून अगदी कोमट इस्त्री, एवढ्यावर थांबावे.

केवळ जाड पांढऱ्या सुती कापडासाठी उकळत्या पाण्याची जुनी रीत चालते: डागाची जागा बादलीच्या तोंडावर ताणून बांधायची आणि वरून पाणी ओतायचे. मात्र त्या बादलीतले पाणी मोरीत ओतू नये. ते निवल्यावर वर आलेली मेणाची साय काढून कचऱ्यात टाकावी, नाहीतर ती नळीत जाऊन गोठते आणि पाणी तुंबते.

दिवजांच्या, म्हणजे बायका तेलाचे दिवे घेऊन देवळात जातात त्या उत्सवाच्या रात्री कपड्यावर पडतो तो तेलाचा डाग, आणि त्याची गत निराळी. तेल धाग्यांत मुरते, ते मेणासारखे खरवडता येत नाही; त्यावर लगेच तांदळाचे पीठ किंवा टाल्कम पावडर दाबून ठेवावी, तासाभराने झटकावी आणि मग द्रव साबण लावावा. बाजारातल्या काही पणत्यांचे मेण इतके मऊ असते की त्यांच्या डागाला दोन्ही उपाय करावे लागतात, आधी गारवा आणि नंतर पीठ.

जरीकाम असलेली किंवा वडिलोपार्जित साडी असेल, तर घट्ट झालेला पापुद्रा हलकेच काढून ती ड्रायक्लीनिंगला द्यावी हेच बरे. देताना डाग मेणाचा आहे, मेणबत्ती कोणत्या रंगाची होती आणि आपण त्यावर घरी काय लावून पाहिले, हे तिन्ही सांगावे, आणि डागाच्या बाजूला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक सैल टाका घालून ठेवावा. पारदर्शक मेणाचा डाग दुकानाच्या दिव्याखाली पटकन दिसत नाही.