आधी डोळा, मग मासा

निशिकासाईत राहायला आले तेव्हा माझ्याकडे डिपेंडंट व्हिसा, बी.कॉम.ची पदवी आणि न संपणाऱ्या दुपारी होत्या. तोक्योच्या एदोगावा विभागातल्या या वस्तीत इतके भारतीय आहेत की हिंग-पोह्यांसाठी जपानी बोलावं लागत नाही. याच विभागात गोल्डफिश पाळायची जुनी परंपरा आहे आणि उन्हाळ्यात ग्योसेन पार्कात माशांची जत्रा भरते. माझी लेक तिथे कागदी चाळणीने मासे पकडत होती. कागद भिजून फाटत होता, ती रडत होती, आणि शेजारच्या दुकानात टांगलेल्या काचेच्या घंटेवरचा लाल मासा मजेत हलत होता. तिथून माझी सुरुवात झाली.

ही वाऱ्यावर वाजणारी घंटा म्हणजे फूरिन. मूळ देवळातलंच: बौद्ध मंदिरांच्या छपरांच्या कोपऱ्यांना, अरिष्ट दूर राहावं म्हणून कांस्याच्या घंटा टांगत. काच पुढे आली, नागासाकीच्या वाटेने. काचेला जुना जपानी शब्द 'बीदोरो', तो पोर्तुगीज 'विद्रो'वरून आलेला. पोर्तुगीजांची जहाजं गोव्याहूनच तिकडे जात, हे कळल्यावर मला उगाचच माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. एदो म्हणजे जुनं तोक्यो, पण 'एदो फूरिन' हे नाव मात्र 1965 च्या सुमाराचं. वस्तू जुनी, पाटी नवी.

काचकाम शिकायचं म्हणणाऱ्या सगळ्यांना फुंकायचं असतं. मलाही तेच हवं होतं. तासाभराच्या अनुभववर्गात तुम्हाला एकदा फुंकायला देतात, तेवढ्यावर ते आपल्याला जमलं असं समजू नका. भट्टी सुमारे 1300 अंशांची, फुंकनळी काचेचीच, आणि साचा नाही. अधांतरी फुंकायचं, त्याला चूबुकी म्हणतात. आधी रुपयाच्या नाण्याएवढा छोटा गोळा घ्यायचा, तो कुचिदामा. त्यावर दुसरा गोळा, हीच पुढे घंटा होते. जरासं फुगवून तारेने दोरीसाठी भोक पाडायचं आणि मग एका दमात पूर्ण फुगवायचं. नळी सतत फिरती हवी, थांबलात की काच एका बाजूला ओघळते. माझे पहिले चार फुगे फुटले, पाचवा वांग्यासारखा झाला. निवल्यावर कुचिदामा कापून टाकतात. तिथेच घंटेचं तोंड तयार होतं.

कापलेली ती कड खरखरीत असते. बोटाला लागते. मी शहाणपणा केला आणि लेकीचं बोट कापेल म्हणून घरी बसून पॉलिश पेपरने कड गुळगुळीत केली. वाऱ्याची झुळूक आली, आतली काचेची कांडी हलली आणि आवाज आला 'टक्'. बस. कारागीर कड मुद्दाम खडबडीत ठेवतात, कारण आतली कांडी, तिला झेत्सु म्हणजे जीभ म्हणतात, त्या दातऱ्या कडेवर घासत गेली की ती नाजूक किणकिण उठते. नुसता हलका स्पर्श पुरतो. कारखान्यातल्या आजोबांना माझा पराक्रम दाखवला तर ते हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. त्यांनी ती घंटा ठेवून घेतली. आता नवा कोणी आला की त्याला ती वाजवून दाखवतात.

मला शेवटी रोजगार मिळाला तो रंगकामात, आणि माझा नवख्यांना सल्लाही तोच: ब्रश आधी हातात घ्या. पावसात रंग धुपू नये म्हणून चित्र आतून काढतात, त्या छोट्या तोंडातून ब्रश घालून. सगळा क्रम उलटा. जे सगळ्यात वर दिसायला हवं ते सगळ्यात आधी. पहिल्या दिवशी मी लालचुटुक अंग रंगवलं, वाळल्यावर काळा डोळा काढला आणि बाहेरून पाहिलं तर मासा आंधळा. अक्षरंही आरशातल्यासारखी लिहावी लागतात. घरी काचेच्या पेल्यात महिनाभर रोज दहा मासे काढा. भट्टीचं भाडं लागत नाही.

आता पैशांचं बोलू. डिपेंडंट व्हिसावर काम करायला परवानगी काढावी लागते आणि आठवड्याला 28 तासांची मर्यादा असते. स्वतःच्या वस्तू विकायच्या असतील तर इमिग्रेशनमध्ये वेगळं विचारा, ती परवानगी पुरतेच असं नाही. हा धंदा वर्षभर बनवायचा आणि दोन-तीन महिने विकायचा. तोक्योतल्या असाकुसाला 9 आणि 10 जुलैला होओझुकीचा बाजार भरतो. होओझुकी म्हणजे आपल्या रसभरीची लाल-केशरी बहीण. तिच्या कुंड्यांबरोबर फूरिन विकतात. कावासाकी दाइशी या देवळातला फूरिन बाजारही जुलैतच. मे महिन्यात माल तयार नसेल तर पुढच्या वर्षीच भेटू.

आणखी एक, हल्ली शेजारी तक्रार करतात. दाट वस्तीत बाल्कनीतली किणकिण सगळ्यांनाच सुखावत नाही. म्हणून बरीच गिऱ्हाइकं घंटा घरातच, लाकडी छोट्या स्टँडवर ठेवतात. स्टँड विकायला ठेवा, त्यात सुटतं बरं.

भारतात परतून हे करायचं असेल तर मोठ्या भट्टीचा हट्ट सोडा. टेबलावर गॅसच्या ज्योतीत बोरोसिलिकेटच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेच्या, नळीपासून छोट्या घंटा होतात. फक्त दोन जातींची काच एकत्र करू नका, निवताना तडकते. आणि 'जपानी काच आपल्याकडे कशी काय' असं कोणी विचारलं तर तळेगाव दाभाड्याचं नाव सांगा. लोकांकडून पैसा-पैसा वर्गणी जमवलेल्या पैसा फंडातून 1908 मध्ये तिथे काच कारखाना उभा राहिला, आणि तो सांभाळायला आलेले ईश्वरदास वार्ष्णेय जपानमध्ये काचकाम शिकून आले होते.

सध्या माझ्याकडे देवनागरी नावांच्या ऑर्डरी येतात, बारशाच्या भेटीसाठी बहुतेक. घंटेखाली लोंबणाऱ्या कागदी पट्टीवर, तान्झाकुवर, सरळ लिहिता येतं. पण लोकांना नाव काचेवरच हवं. उलटं 'ज्ञानेश्वरी' लिहायला मला अख्खी दुपार लागली. त्याचे पैसे वेगळे घ्या.