टाको खायचाय? आधी आच बघा

लॉस एंजेलिसमध्ये चांगला टाको शोधायचा तर फोनवरचे रेटिंगचे तारे मोजत बसू नका. अंधार पडला की बाहेर पडा आणि टाकोच्या गाडीपाशी मांसाचा लाल शंकू फिरतोय का ते बघा. त्याला म्हणतात त्रोंपो. लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्यांनी शावरमा नेला, त्यातूनच हा 'अल पास्तोर' आला. बाजूची आच धगधगती हवी, कडा करपलेल्या हव्यात. सुरीच्या एका फटक्यात वरच्या अननसाचा तुकडा थेट टाकोत पडतो, ते बघायलाही मजा येते. शंकू गार दिसला तर सरळ पुढची गाडी गाठा.

मग तोर्तिया, म्हणजे टाकोची मक्याची पोळी. पिठाचा गोळा समोर दाबून तव्यावर टाकत असतील तर रांग कितीही असो, थांबा. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचा तो वास पाकिटातल्या तोर्तियाला येत नाही.

शाकाहारी मंडळींनी निवडुंगाचे 'नोपालेस' मागावेत. घोटलेल्या बीन्समध्ये बरेचदा डुकराची चरबी असते, त्यामुळे 'तिएने मांतेका?' (यात चरबी आहे का?) एवढं विचाराच. तवा मात्र बहुतेक ठिकाणी मांसाला आणि भाजीला एकच असतो.