दुसऱ्या चाचणीला वर्ग रिकामा राहू नये म्हणून

मुले परीक्षा मनावर घेत नाहीत, अशी तक्रार स्टाफरूममध्ये नेहमी होते. पण बहुतेक वेळा मुले गुणांचे नियम नीट समजूनच वागत असतात. कोणत्या पेपरला किती वेळ द्यायचा, हे त्यांना सीनियर्स पहिल्याच महिन्यात सांगतात. नियम करणाऱ्यांनी तो हिशोब त्यांच्या आधी मांडून पाहायला हवा.

ठाण्याच्या जोशी-बेडेकर किंवा वाशीच्या कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालयासारख्या स्वायत्त महाविद्यालयांत हे नियम महाविद्यालयाच्याच अभ्यास मंडळ आणि विद्या परिषदेत ठरतात. इतरत्र गुणांची विभागणी विद्यापीठाकडून येते. चाचणी कधी घ्यायची आणि पेपर कधी परत द्यायचा, हे मात्र तिथेही बरेचसे शिक्षकांच्या हातात असते.

सुरुवात एका तक्त्याने करा. समजा, अंतर्गत (सेमिस्टरभरातील चाचण्या आणि कामांचे) ४० आणि शेवटच्या लेखी परीक्षेचे ६० गुण आहेत. अंतर्गतमध्ये ३६, ३२, २४ आणि १७ गुण मिळवणारी चार मुले कागदावर घ्या आणि प्रत्येकाला पास होण्यासाठी लेखीत किती लागतील ते लिहा. फक्त एकूण ४० गुणांची अट असेल, तर ३६ वाल्याला लेखीत ४ पुरतात. तो अभ्यास कशाला करेल? दोन्ही भागांत वेगवेगळे ४० टक्के आवश्यक असतील, तर त्यालाही २४ मिळवावेच लागतात. आता दुसरे टोक पाहा. १७ वाल्याने लेखीत पैकीच्या पैकी मिळवले तरी बेरीज ७७ होते. वरची श्रेणी त्याच्यासाठी तिथेच संपलेली असते, म्हणून सेमिस्टरच्या मध्यावर त्याला सावरायची एक संधी नियमातच हवी.

सगळ्यात जास्त घोळ ‘दोनपैकी चांगली चाचणी धरू’ या नियमाने होतो. हेतू चांगला असतो, एक दिवस वाईट गेला म्हणून मुलाचे नुकसान होऊ नये. पण पहिल्या चाचणीत २० पैकी १८ मिळाले की दुसरीला बसण्याचे कारणच उरत नाही, आणि पहिलीला अनेक जण ‘बघू कशी असते’ म्हणून तयारीविना येतात. सरासरी धरली तर पहिल्यांदा घसरलेले मूल हिंमत हरते. मधला मार्ग असा: दोनपैकी चांगल्या चाचणीला ७० टक्के आणि उरलेल्या चाचणीला ३० टक्के वजन द्या. १८ मिळवून दुसरीला गैरहजर राहिला तर १२.६ होतात, येऊन १२ मिळवले तर १६.२. आधी ८ आणि मग १६ मिळवणाऱ्याला सरासरीने १२ मिळाले असते, इथे १३.६ मिळतात. सावरणाऱ्याला बक्षीस मिळते आणि दांडीची किंमतही मोजावी लागते.

हजेरीला थेट गुण देऊ नका. ते जवळपास सगळ्यांना मिळतात, अंतर्गतचे आकडे ३५ ते ३८ मध्ये दाटतात आणि खरा अभ्यास केलेल्या मुलाला आपले वेगळेपण कुठेच दिसत नाही.

दोन क्रेडिटच्या, म्हणजे निकालात कमी वजन असलेल्या, विषयांकडे वेगळे लक्ष हवे. २२ क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये चार क्रेडिटच्या विषयात श्रेणी एका पायरीने चढली, तर एसजीपीए (त्या सेमिस्टरच्या श्रेणीगुणांची क्रेडिटनुसार सरासरी) ०.१८ ने वाढतो. दोन क्रेडिटच्या विषयात जेमतेम ०.०९ ने. एवढ्यासाठी दोन आठवडे पाठांतर कोणी करणार नाही, आणि तो आळस नाही. अशा विषयात आणखी एक लेखी चाचणी लादण्याऐवजी मूल एका दुपारी पूर्ण करू शकेल असे क्षेत्रकाम द्या. ठाणे खाडीच्या काठची नोंदवही किंवा आपल्या वॉर्डातील कचरा वर्गीकरणाची पाहणी चालेल. गुण कशाला किती, हे आधी लेखी द्या.

पहिल्या चाचणीचे पेपर दहा दिवसांच्या आत परत गेले पाहिजेत, प्रश्नवार गुणांसह. महिनाभराने हातात पडलेला पेपर कोणी उघडूनही पाहत नाही. लेखी परीक्षेपूर्वी प्रत्येकाला आपले अंतर्गत गुण माहीत असावेत, नाहीतर वरचा तक्ता फक्त शिक्षकांच्या फायलीत राहतो.

राहिली फेरचाचणी. बदलापूर, टिटवाळा, पनवेलहून येणारी मुले आपल्या वर्गात असतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी सातची चाचणी ठेवूच नये. लोकल बंद पडली, तर अर्ज तीन दिवसांत घ्यावा आणि फेरचाचणी आठवड्याच्या आत व्हावी. प्रश्न वेगळे असावेत, काठिण्य तेच. फेरचाचणी सोपी असते असे एकदा पसरले की पुढच्या वेळी पाऊस नसतानाही अर्ज येतात. आणि सेमिस्टर सुरू झाल्यावर कोणताही नियम बदलू नका, मुलांच्या फायद्याचा असला तरी. तो पुढच्या सेमिस्टरपासून लावा.