पार्किन्सन्समध्ये समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही, तेव्हा शुभंकरांनी (काळजी घेणाऱ्यांनी) काय करावं

सून रडवेली होऊन समोर उभी असते आणि सासरे विचारतात, "चहा झाला का?" घरात याचा अर्थ लगेच लावला जातो: यांना आता कुणाचं काही वाटत नाही. बहुतेक वेळा हा अर्थ चुकीचा असतो, आणि त्यामुळे घराघरांत माणसं उगाच दुखावतात.

पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी झालं की हालचाली मंदावतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मेंदूच्या ज्या भागांना हे डोपामिन लागतं, ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची आणि आवाजातली भावना ओळखण्याच्या कामातही असतात. हसरा चेहरा सहसा ओळखता येतो. राग, भीती, दुःख आणि किळस ओळखताना जास्त चुका होतात. त्यात शुभार्थींचा (रुग्णांचा) स्वतःचा चेहराही ताठरलेला असतो, त्यामुळे मनातली माया चेहऱ्यावर उमटत नाही. गैरसमज असा दोन्ही बाजूंनी होतो.

आधी साध्या गोष्टी तपासा. या आजारात फिकट-गडद छटांमधला फरक कमी जाणवतो. खिडकीकडे पाठ करून बोललात तर तुमचा चेहरा त्यांना काळा ठिपका दिसतो. उजेड तुमच्या तोंडावर हवा, टीव्ही बंद हवा, त्यांच्या डोळ्यांवर चष्मा हवा. ऐकू कमी येतं का, तेही तपासून घ्या.

मग भावना शब्दांत सांगा. "तुम्हाला कळत कसं नाही?" हे वाक्य निरुपयोगी आहे. "बाबा, मला भीती वाटली, कारण तुम्ही न सांगता एकटे जिना उतरलात" असं म्हणा: आधी भावना, मग कारण. नंतर निदान दहा सेकंद थांबा, कारण उत्तर यायला वेळ लागतो. टोमणा किंवा तिरकस बोलणं टाळा; त्याचा अर्थ सुरावर अवलंबून असतो आणि नेमका सूरच निसटतो.

गोळीचा परिणाम पाहायचा असेल तर दोन आठवडे वही ठेवा. लेव्होडोपाची (पार्किन्सन्सच्या मुख्य गोळीची) वेळ, जेवणाची वेळ, अंग मोकळं कधी होतं, कधी आखडतं, आणि गैरसमजाचा प्रसंग कधी घडला, एवढंच लिहा. प्रसंग पुढच्या गोळीच्या आधीच साचत असतील तर ते डॉक्टरांना दाखवण्यासारखं आहे. डाळ, पनीर, अंडी यांतली प्रथिनं लेव्होडोपाच्या शोषणाआड येतात. म्हणून गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेतात. गोळीने भावना ओळखणं सुधारतंच असं मात्र नाही. अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणून मनाने डोस वाढवू नका, आणि अचानक बंद तर मुळीच करू नका, ते जिवावर बेतू शकतं. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल (डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्या) चालू असताना जुगार, बेसुमार खरेदी किंवा लैंगिक वागण्यात बदल दिसला तर संकोच न करता लगेच कळवा.

उदासी वेगळी ओळखायला हवी. झोप, भूक, आवडीचं काम यांतलं मन उडालं असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. ताठर चेहऱ्यामुळे ते झाकलं जातं, म्हणून तोंडी विचारा.

मेंदूत तारा बसवून एका यंत्राने त्यांतून सौम्य वीज सोडण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे डीबीएस, ठरली असेल तर आधी एक नोंद करून ठेवा. सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मेंदूच्या आतल्या छोट्या भागात तार बसवल्यावर काही जणांना भीती, राग, दुःख ओळखणं आधीपेक्षा अवघड जातं, जरी कंप थांबलेला असला तरी. सहा भावनांचे (राग, भीती, दुःख, किळस, आनंद आणि आश्चर्य) प्रत्येकी दोन, असे चेहऱ्यांचे बारा फोटो घ्या. या भावनांचे सहा शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवा, एकेक फोटो दाखवून त्यातली भावना विचारा, उत्तरं लिहून ठेवा आणि वेळेचं बंधन घालू नका. उत्तर चुकलं तरी दुरुस्त करू नका, नाहीतर पुढच्या वेळी पाठांतर मोजलं जाईल; त्याच कारणासाठी फोटोंचे दोन संच हवेत, एक शस्त्रक्रियेआधी आणि दुसरा नंतर दाखवायला. एखाद-दोन उत्तरांचा फरक सोडून द्या. हे निदान नव्हे, पण शस्त्रक्रियेनंतर यंत्राचं सेटिंग बदलताना डॉक्टरांपुढे ठेवायला हा कागद आणि ती वही उपयोगी पडते.