गाड्यांच्या शोरूममध्ये जादूचं काम कसं मिळवायचं (कोल्हापुरातल्या अनुभवावरून)

कोल्हापुरात जादूगार म्हटलं की लोकांना एकतर वाढदिवस आठवतो नाहीतर शाळेचं गॅदरिंग, आणि दोन्हीकडं शेवटी पाकिटात काय पडतंय ते करणाऱ्यालाच माहीत. मीही तेच करत होतो. मग एका दसऱ्याला दाजींची नवी गाडी आणायला आख्खं घर शोरूमला गेलो, वेळ दिलेली अकराची, चावी हातात पडली दीडला, आणि तेवढ्यात भाच्यानं डिस्प्लेच्या तीन गाड्यांचे हॉर्न वाजवून झाले, एकीच्या सीटवर पेढा चिकटवून झाला, शेवटी बहिणीनं माझ्याकडं असं बघितलं की मी खिशातनं स्पंजचे दोन लाल बॉल काढले. दहा मिनिटांत आजूबाजूच्या चार घरची पोरं गोळा. जाताना सेल्सचा एक पोरगा हळूच म्हणाला, "दादा, दिवाळी पाडव्याला येणार का? आमच्या सरांना विचारतो."

तिथनं सुरू झालं. ज्याला हे करायचंय त्याच्यासाठी ओळीनं सांगतो.

१) आधी नुसतं जाऊन बसा

आपल्याला वाटतं शोरूमवाला जादू विकत घेतोय. त्याला जादूशी काही देणंघेणं नाही, त्याला पाहिजे की माणसं वैतागायच्या आत वेळ निघून जावा. गाडीची शेवटची तपासणी, इन्शुरन्स, बँकेची डिलिव्हरी ऑर्डर, आरटीओचा नंबर, यातलं एक जरी अडकलं तरी सगळं घर सोफ्यावर बसून राहतंय, आणि आपल्याकडं गाडी न्यायला एकटा कोण येतोय? गारगोटी-गडहिंग्लजकडनं आजीपासनं तान्ह्या बाळापर्यंत सगळी येतात, जागा नसली तर मागनं वडापनं (शेअर जीपनं) येतात, हातात नारळ, लिंबू, हार, पेढे. पहिला अर्धा तास फोटोत जातो. नंतर पोरं पळायला लागतात, म्हातारी माणसं "अजून किती वेळ" विचारायला लागतात आणि सेल्सवाल्या पोराच्या कपाळावर घाम येतो.

तो घाम तुमचं काम. म्हणून एका रविवारी शिरोली ते गोकुळ शिरगाव हायवेला किंवा कावळा नाक्याच्या बाजूला एखाद्या शोरूममध्ये दोन तास बसून या, घड्याळ लावून बघा की माणसं कुठं बसतात, किती वेळ बसतात, पोरं कुठल्या गाडीकडं धावतात. खोटं गिऱ्हाईक होऊन टेस्ट ड्राइव्ह मागू नका, बिचाऱ्या पोराचा वेळ जातो आणि पुढं तोच तुम्हाला ओळखणार आहे.

२) आयटम शोरूमचे पाहिजेत, स्टेजचे नाहीत

पेटीतली बाई, मोठे डबे, धूर, हे सगळं घरी ठेवा. इथं पडदा नाही, मागं विंग नाही, माणसं चारी बाजूंनी उभी असतात. आणि सगळ्यात बेकार म्हणजे काचा. शोरूमच्या भिंती काचेच्या, गाड्या पॉलिश मारून आरशासारख्या, त्यामुळं समोरच्याला दिसत नाही ते मागच्या गाडीच्या दारात स्वच्छ दिसतंय. मला हे एका सहावीतल्या पोरानं सांगितलं, "काका, बॉल तुमच्या डाव्या हातात आहे, गाडीत दिसतोय." तेव्हापासनं मी आधी खांब शोधतो आणि पाठ खांबाला लावूनच उभा राहतो.

आग नको. फ्लॅश पेपर, मेणबत्ती, काही नको, आजूबाजूला लाखालाखांच्या गाड्या आहेत, मॅनेजर एकदा "आग" शब्द ऐकला की परत फोन उचलणार नाही. कबुतर-सशाचाही नाद सोडा, खेळात प्राणी वापरायला २००१ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते, शिवाय नव्या सीटवर कबुतरानं काय केलं तर ते कोण पुसणार. पत्ते मी कमी ठेवतो, कारण पूजेचं ताट शेजारी असतंय आणि आजोबा पत्ते बघितले की थेट तीन पत्तीवर येतात.

चालतात ते हातातले आयटम. स्पंजचे बॉल, दोरी कापून जोडणं, नाणं, रुमाल, अंगठी. आणि दोन असे आहेत जे शोरूमसाठीच बनल्यासारखे वाटतात.

पहिला चावीचा. उघड्या तळहातावर चावी आडवी ठेवायची आणि ती आपोआप हळूहळू कूस बदलते, हा जुना आयटम आहे, करणारे ओळखतील. आता गंमत अशी की नव्या गाड्यांची चावी म्हणजे बटणाचा डबा, ती वळत नाही, म्हणून मी पितळेची जुनी लांब दांड्याची चावी खिशात ठेवतो. एकदा कागलकडच्या एका आजींच्या हातात ती ठेवली. म्हटलं, आजी, ही तुमच्या जुन्या ट्रंकेची चावी समजा. त्यांनी हात असा धरला जसा प्रसादाला धरतात, दुसरा हात खाली. मी नातवाला म्हटलं, गाडीचं नाव घे. त्यानं घेतलं, चावी सरकली, थांबली, आणि वळून दुसऱ्या अंगावर पडली. आजींनी हात मागं नाही घेतला. चावीकडं बघत म्हणाल्या, "हिलाबी जायाचं दिसतंय गाडीतनं." सगळी हसली, आणि त्या हसण्यात बँकेचा कागद कधी आला ते कुणाला कळलंसुद्धा नाही.

दुसरा रंगाचा. पाकीट आधीच बंद करून टेबलावर ठेवायचं, मग पाच रंगांच्या कार्डांतनं पोरानं एक निवडायचं, पाकिटात तोच रंग निघतो. हा मी सहज म्हणून करत होतो, पण सेल्सवाल्यांना हा सगळ्यात जास्त आवडतो, कारण वडील म्हणत असतात पांढरी आणि पोरगी नि तिची आई डोळे लावून बसलेल्या असतात लालवर, ते इथं बाहेर येतंय. फक्त सकाळी गेल्या गेल्या विचारायचं की स्टॉकमध्ये कुठले रंग आहेत, आणि तेवढीच कार्डं खिशात ठेवायची. मी एकदा निळा ठेवला, निळ्याला तीन महिने वेटिंग होतं, पोरगं निळ्यावरच अडून बसलं. त्या दिवशी मला चहा नाही मिळाला.

३) कुणाला आणि कधी भेटायचं

मालकाला भेटायच्या मागं लागू नका. शोरूम मॅनेजर किंवा मार्केटिंग बघणारा जो कोण असेल तो आपला माणूस. काही ठिकाणी नव्या गाडीच्या लाँचिंगचं काम इव्हेंटवाल्यांकडं असतंय, तिथं त्यांच्यामार्फत जावं लागतं, ते आपल्या पैशातनं कट घेतात, पण सुरुवातीला घेऊ द्या.

वेळ महत्त्वाची. महिन्याच्या २५ तारखेनंतर कुणी टार्गेटशिवाय बोलत नाही. शनिवार-रविवारी गर्दी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यानंतर मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकराच्या सुमारास गेलं की माणूस जागेवर असतो आणि चहा पिण्याएवढा मोकळा असतो.

आणि सगळ्यात चांगला काळ म्हणजे पितृ पंधरवडा. त्या पंधरा दिवसांत बहुतेक जण गाडी घरी नेत नाहीत, शोरूम ओस पडलेलं असतं, स्टाफ माश्या मारत बसलेला असतो, आणि नवरात्र-दसऱ्याचं प्लॅनिंग नेमकं तेव्हाच चालू असतं. माझी दसऱ्याची निम्मी कामं पितृ पंधरवड्यात ठरतात. दसरा, दिवाळी पाडवा, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, हे साडेतीन मुहूर्त आणि धनत्रयोदशी, एवढे दिवस सोडून वाढदिवसाची सुपारी घ्यायची. अधिक महिना आला की मात्र शांतच, २०२३ ला श्रावण अधिक होता, तो महिना मी शाळांवर काढला.

आपल्या जिल्ह्याचं अजून एक कॅलेंडर आहे जे बाहेरच्याला कळणार नाही. ऊसाचं बिल खात्यावर पडलं आणि दिवाळीच्या तोंडावर दूधसंस्थेनं दुधाच्या दरातला फरक वाटला की गाड्यांची चौकशी वाढते. तेव्हा फक्त कारच नाही, ट्रॅक्टरची शोरूम पण बघा, तिथं जादूगाराला कुणी विचारतच नाही म्हणून तिथं नवीन माणसाला दार उघडं असतंय.

४) डेमो पाच मिनिटांचा, आणि तो मॅनेजरला नको

फाइल, फोटो, सर्टिफिकेटं कुणी बघत नाही. मी एवढंच म्हणतो, "साहेब, पाच मिनिटं द्या, पण तुम्हाला नाही दाखवत, त्या सोफ्यावर बसलेल्या फॅमिलीला दाखवतो, तुम्ही लांबनं बघा." मॅनेजर जादू बघत नाही, तो गिऱ्हाईकाचं तोंड बघतो. त्या फॅमिलीला आधी विचारायचं, "काका, दोन मिनिटं पोरांना काहीतरी दाखवू का?" नको म्हणाले तर हसून बाजूला व्हायचं, तेही मॅनेजर बघतच असतो.

५) पैसे आणि कागद

मी अर्ध्या दिवसाला तीन हजार, पूर्ण दिवसाला पाच हजार घेतो, मुहूर्ताच्या दिवशी सात. नवीन असाल तर थोडं कमी करा पण फुकट करू नका, पहिल्यांदा फुकट गेलं की दुसऱ्यांदा पण "मागच्यासारखंच या की" होतंय.

तोंडी ठरवू नका. एका कागदावर तारीख, वेळ, किती वेळा राउंड मारणार, जेवण कुणाचं, निम्मे ॲडव्हान्स, एवढं लिहून व्हॉट्सॲपला टाका. अकाउंटवाले पॅन कार्ड, कॅन्सल चेक आणि बिल मागतात, बिलात टीडीएस कापला तर भांडू नका, तो आपल्या पॅनवर जमा दिसतो आणि रिटर्न भरलं की हिशोबात येतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नंबर लागत नाही, हे मात्र शांतपणे समजावून सांगावं लागतं, कारण कधीकधी अकाउंटवाला जीएसटीचंच बिल पाहिजे म्हणून अडून बसतो. काही कार्यक्रमांचा खर्च शोरूमवाले गाडीच्या कंपनीकडनं मागून घेतात, त्यासाठी त्यांना फोटो लागतात, तर तुम्हीच चार चांगले फोटो काढून घेऊन त्याच संध्याकाळी पाठवा. बिल लवकर निघतंय, माझा अनुभव आहे. दुसऱ्यांच्या पोरांचे फोटो स्वतःच्या पेजवर टाकायचे असतील तर आईबापांना विचारून.

६) त्या दिवशी

अर्धा तास आधी पोचा. कमरेच्या पट्ट्याचं मोठं बक्कल, कडं, अंगठ्या, सगळं काढून ठेवा. का ते सांगतो. माझ्या तिसऱ्या का चौथ्या कामाला, शोरूमचं नाव नको, मी नाण्याचा आयटम दाखवताना जुनं रुपयाचं नाणं बोनेटवर ठेवलं. नुसतं ठेवलं. पोरानं ते बोटानं ओढून घेतलं आणि काळ्या रंगावर केसाएवढी पांढरी रेघ. डिस्प्लेची गाडी होती, पॉलिशनं गेली म्हणे, पण माझ्या बिलातनं दीड हजार कापले, आणि आधी काही लिहून घेतलं नव्हतं म्हणून बोलायला तोंड नव्हतं. आता गळ्यात अडकवायचा छोटा ट्रे आणि त्यावर मऊ कापड, काय ठेवायचं ते तिथंच. गाडीला हात लावायचा नाही, टेकायचं पण नाही.

सेल्सवाल्यांशी खूण ठरवून घ्या. आमची खूण म्हणजे त्यानं गळ्यातलं आयकार्ड सरळ केलं की मी दोन वाक्यांत आटपतो, आयटम अर्धा असला तरी. कोटेशनच्या टेबलापाशी तर बोलावल्याशिवाय जायचंच नाही, तिथं माणूस हप्त्याचा हिशोब करत असतो, आपण कानामागनं नाणं काढलं तर तो खूश होत नाही, चिडतो. किमतीवर, डिस्काउंटवर, दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर एक शब्द नाही. आणि कुणाची अंगठी मागायची असेल तर घरातल्या पोराटोराची साधी मागा, लग्नाची सोन्याची नको, हरवली नाही तरी त्या दोन मिनिटांत त्या माणसाचा जीव गेलेला असतो.

अजून एक. कधीकधी कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "गाडीला नजर लागू नये म्हणून काय करता येईल का?" हसून सांगायचं की काका, ही हातचलाखी आहे, मला घरी बायकोची नजर चुकवता येत नाही. महाराष्ट्रात २०१३ पासनं जादूटोणाविरोधी कायदा आहे, मनोरंजन करणाऱ्याला त्याची भीती नाही, पण अंगात काहीतरी शक्ती आहे असं भासवून पैसे घेतले की तुम्ही जादूगार राहिला नाही. मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, त्यानं टाळ्या कमी होत नाहीत.

निघताना वॉचमन आणि चहावाल्या पोराला एक एक आयटम दाखवून जातो. उचगावच्या बाजूच्या एका शोरूमचं काम मला वॉचमनमुळंच मिळालं, तो आधीच्या ठिकाणाहून तिकडं गेला होता आणि नव्या मॅनेजरला त्यानंच सांगितलं, "त्यो चावीवाला बोलवा."