धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, पर्यावरणाचं काम करायचंय? मग आधी सणांचं कॅलेंडर उघडा

पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं पत्र 'लाउदातो सी' २०१५ साली आलं, त्यावर प्रवचनंही आपण बरीच ऐकली. पण वसईत आपल्याला हे काही नवीन नाही, फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने विहिरी आणि हिरवा पट्टा वाचवायला त्याच्या कितीतरी आधी लोकांना रस्त्यावर आणलं होतं. अडतं ते रोजच्या कामात. कमिटी नेमली जाते, ५ जूनला, पर्यावरण दिनी, रोपं लावून फोटो निघतात आणि दिवाळीनंतर त्या रोपांना पाणी कोण घालणार हे कोणालाच माहीत नसतं.

म्हणून मी सांगेन की वेगळा कार्यक्रम काढूच नका. जे सण आपण तसेही करतो त्यातल्या एकेकाला एकच बदल जोडा आणि तो बदल त्या सणाचं काम आधीपासून करणाऱ्यांच्याच हातात द्या, म्हणजे वेदी सजवणाऱ्या बायका, जेवण वाढणारी मुलं, युवक मंडळ. त्यांना न विचारता वरून नियम आला तर तो एकाच सणापुरता टिकतो.

सुरुवात चर्चच्या सणापासून करा कारण सगळ्यात जास्त कचरा तेव्हाच होतो. प्लास्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमचे, स्ट्रॉ आणि सजावटीचं थर्माकोल यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे हे वापरायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. पण त्याऐवजी कागदी कप आणून समाधान मानू नका, त्यांना आतून बहुतेक वेळा प्लास्टिकचा थर असतो. स्टीलची ताटं-ग्लास एकदाच घ्यायचे, घरातल्या मृतांच्या नावाने देणगी द्या म्हटलं की आपल्याकडे लोक आनंदाने देतात, आणि मग तीच भांडी लग्नाला, बाप्तिस्म्याला, पहिल्या कम्युनियनला घरोघरी वापरायला द्यायची. धुण्याची सोय मात्र आधी ठरवा, खरकटं काढायला एक बादली, साबणाचं एक टब, साध्या पाण्याची दोन टबं, आणि नावं लिहिलेली पाळी. पाळी नसेल तर पुढच्या वर्षी परत डिस्पोजेबल येणार हे नक्की.

वेदीची फुलं. आपल्या वाड्यांतला सोनचाफा, मोगरा दादरच्या बाजारात जातो आणि आपल्याच वेदीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळून आलेला जरबेरा असतो, हे मला खरंच खटकतं. तो हिरवा स्पंज ज्यात फुलं खोचतात तोही प्लास्टिकच आहे, भुगा होऊन मातीत जातो पण कुजत नाही. त्याऐवजी पसरट भांड्यात ओली वाळू घ्या किंवा जाळीची तार चुरगाळून ठेवा, फुलं छान उभी राहतात.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, सिमेटरीत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर होते. दोन रविवार आधी सूचना द्या की फुलं कागदात किंवा केळीच्या पानात आणा, दारात तीन पेट्या ठेवा, एक फुलांसाठी, एक मेणासाठी, एक बाकीच्या कचऱ्यासाठी, आणि प्रत्येक पेटीपाशी माणूस उभा करा कारण नुसत्या पाटीने काही होत नाही. मेण वितळवून परत मेणबत्त्या होतात. फुलं खड्ड्यात टाकून त्यावर दुप्पट-तिप्पट सुका पालापाचोळा पसरा, वास यायला लागला तर ओलं जास्त झालंय, अजून पाला घालून उलथा. दोन-तीन महिन्यांत खत तयार, आणि तो पाला जाळण्याची सवयही सुटते.

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीचा काळ म्हणून पाळतात. त्यातच ८ सप्टेंबरचा मारियामातेचा सण येतो, आणि आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सणही, साधारण याच काळात. भाताच्या लोंब्या घेऊन चर्चमध्ये जायची परंपरा आपल्याकडे आहेच, त्या दिवशी गावात अजून शेती-वाडी करणाऱ्यांना अंगणात भाजी, केळी, तांदूळ विकायला बसवा.

आता पाणी, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठं काम हेच. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. चर्चचं छप्पर ३०० चौरस मीटर धरा, पाऊस २००० मिलिमीटर, वाया जाणारं सोडलं तरी पावणेपाच लाख लिटरच्या आसपास पाणी दर पावसाळ्यात गटारात जातं, तेही विहिरी खारट होतायत अशी तक्रार असलेल्या गावात. मे महिन्यात छप्पर आणि पन्हळी साफ करून घ्या, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, नंतरचं दगड, खडी, वाळू अशा थरांतून गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात जाऊ द्या. खर्च प्लंबरचा आणि पाइपांचा, तो सणाच्या लाइटिंगमधून सहज निघेल.

आणि बावखल. वाड्यांमधली ही तळी पावसाचं पाणी धरून ठेवतात, जमिनीत मुरवतात, पण किती बुजली आणि त्यावर काय उभं राहिलं ते आपण सगळे बघतोय. धर्मग्रामातल्या तुमच्या झोनमध्ये, म्हणजे तुमच्या भागात, एखादं शिल्लक असेल तर एप्रिल-मेमध्ये पाणी कमी असताना युवकांना घेऊन प्लास्टिक आणि जलपर्णी काढा, गाळ वाडीतच पसरा, काठाची झाडं ठेवा, काठ सिमेंटने बांधू नका, पाणी आणि जीव दोन्ही तिथूनच ये-जा करतात. पण बरीच बावखलं खाजगी जागेत आहेत, सातबाऱ्यावर चार-पाच भावांची नावं असतात, तेव्हा फावडी घेऊन जायच्या आधी फादर आणि गावातली दोन वडीलधारी माणसं त्यांच्या घरी जाऊन बसली पाहिजेत, सगळ्या भावांशी बोलली पाहिजेत, परदेशात असलेल्याला फोन लावला पाहिजे. हे जानेवारीतच उरकून घ्या.