दुरुस्तीच्या व्हिडिओंनी आपला खर्च आपण काढावा

माझ्या हिशोबाच्या वहीतली पहिली नोंद अशी आहे: बंद पडलेला मिक्सर, भंगारवाल्याकडून, १५० रुपये. मिक्सरच्या मोटरमध्ये बसणाऱ्या कार्बनची जोडी, ४० रुपये. मोबाइल वरून खाली बघेल असा स्टँड, ९०० रुपये. समोरच्या जमेच्या रकान्यात पुढचे पंधरा महिने काहीही लिहिलेलं नाही.

दिवसा मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. रात्री जेवणं आवरली की विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आमच्या घरातलं ओट्याजवळचं टेबल माझं होतं आणि मी त्यावर काहीतरी उघडून बसते. मिक्सर, इस्त्री, टेबल फॅन, कधी जुना रेडिओ. ते दुरुस्त करतानाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकते. कॅमेऱ्यात फक्त हात दिसतात. सहा वर्षांत १४० व्हिडिओ झाले. आता मुलं-मुली, बहुतेक आयटीआयची, फोन करून विचारतात, "ताई, आम्हालाही सुरू करायचंय, महिन्याला किती सुटतात?" त्यांना तुकड्या-तुकड्यांनी सांगत आले, ते इथे सलग लिहिते.

आधी जाहिराती. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर लागतात आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ मिळून ४,००० तास पाहिलेले असावे लागतात. किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंना, १ कोटी व्ह्यूज. त्याच्या खाली एक पायरी आहे: ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि ३,००० तास. त्या पायरीवर प्रेक्षक खुशीने पैसे पाठवू शकतात, पण जाहिरातीचे पैसे सुरू होत नाहीत.

४,००० तास ऐकायला फार वाटत नाहीत. मिनिटं करून बघा: २,४०,०००. एक माणूस तुमचा व्हिडिओ सरासरी चार मिनिटं बघत असेल, तर ६०,००० वेळा तो बघितला जायला हवा. मी पहिले सहा महिने एकेका मिनिटाचे शॉर्ट्स टाकत बसले, कारण त्यांना व्ह्यूज पटापट येत होते. पण शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेले तास या ४,००० मध्ये धरत नाहीत. कोणी आधी सांगितलं असतं तर ते सहा महिने मी इस्त्रीच्या थर्मोस्टॅटवर खर्च केले असते.

पात्र झाल्यावर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या कमाईतले ५५ टक्के आपल्याला मिळतात, शॉर्ट्सवर ४५ टक्के. माझ्या चॅनेलवर हजार व्ह्यूजमागे हातात येतात ते वीस ते पस्तीस रुपये. दिवाळीच्या आधी जाहिरातदार सढळ असतात तेव्हा वर, जानेवारीत एकदम खाली. मराठीत, घरगुती दुरुस्तीवर, हा माझा आकडा आहे. इंग्रजीत मोबाइलचे रिव्ह्यू करणाऱ्याचा आकडा ऐकून आपलं गणित मांडू नका.

आठ मिनिटं किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओत मध्येही जाहिराती लावता येतात. म्हणून सगळे सांगतात, व्हिडिओ ताणा. मला हे पटत नाही. ज्याच्या घरातला पंखा नुसता हूं आवाज करतोय, काठीने ढकलल्याशिवाय फिरत नाही आणि खाली तान्हं बाळ झोपलंय, त्या माणसाला माझी प्रस्तावना नको असते. त्याला सांगायचं एवढंच: बटण बंद करून भागणार नाही, मेन बंद कर, वरचा कप खाली सरकव, कंडेन्सरवर, म्हणजे पंख्याला सुरू व्हायला जोर देणाऱ्या छोट्या डबीवर, लिहिलेला आकडा वाच, बहुतेक २.५ मायक्रोफॅरड असेल. त्याच आकड्याचा नवा लाव. हा व्हिडिओ साडेचार मिनिटांचा आहे आणि तेवढाच राहील. दर वर्षी मार्च ते मे तो चालतो. लोक तो शेवटपर्यंत बघतात. दुरुस्तीच्या व्हिडिओची हीच ताकद आहे, तो शिळा होत नाही. चार वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आजही कोणाच्या तरी अडचणीच्या क्षणी सापडतो.

पैसे हातात येण्याची वाटही लांब आहे. यूट्यूबच्या जाहिरातींच्या खात्यात १० डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे तपासायला पोस्टाने एक पिन येतो. मी पत्त्यात इमारतीचा नंबर घालायला विसरले होते आणि आमच्याकडे इमारती शेकड्याने. ते पाकीट मला मिळालंच नाही, दुसरं मागवावं लागलं. पत्ता पोस्टमनला समजेल असा लिहा, आधार कार्डावर कसा छापलाय ते बाजूला ठेवा. मग १०० डॉलर पूर्ण होईपर्यंत थांबायचं, आणि पूर्ण झाले की पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे निघतात. अमेरिकेच्या कराचा डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. पॅन हाताशी ठेवा. तो भरला की फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर १५ टक्के कापतात. भरलाच नाही तर जगभरातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कात्री लागते. मराठी चॅनेलचे अमेरिकेतले प्रेक्षक ते किती, म्हणजे फॉर्म भरण्यात सरळ फायदा आहे.

दोन अपघात सांगते, कारण ते मुंबईत कोणाच्याही बाबतीत होतील.

गणपतीचे दिवस होते. खिडकी बंद करूनही मंडळाचा स्पीकर टेबलावरचे स्क्रू हलवत होता. मी तसंच रेकॉर्डिंग केलं, म्हटलं आपला आवाज तर ऐकू येतोय. दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला. मागे वाजणारं गाणं यूट्यूबच्या यंत्रणेने ओळखलं होतं आणि त्या व्हिडिओची जाहिरातीची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाणार होती. दावा चुकीचा नव्हता, गाणं खरंच वाजत होतं. यूट्यूब स्टुडिओमध्ये, म्हणजे आपले व्हिडिओ सांभाळायच्या पानावर, तेवढ्या भागातलं गाणं पुसायची सोय असते, ती वापरली, पण माझा आवाजही थोडा घोगरा झाला. (दावाच चुकीचा असेल तर तो आल्यापासून पाच दिवसांच्या आत हरकत घ्या. मग पहिल्या दिवसापासूनची कमाई निकाल लागेपर्यंत राखून ठेवतात.) तेव्हापासून सणासुदीला मी फक्त हातांचं शूटिंग करते आणि बोलणं नंतर, पहाटे पाच वाजता, कपाटाचं दार उघडून त्याच्यात तोंड घालून रेकॉर्ड करते. कपड्यांमुळे घुमत नाही.

दुसरा प्रसंग माझ्या मामेभावाचा. चॅनेलला जाहिराती लागल्याच्या आनंदात त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं: "सगळ्यांनी ताईच्या व्हिडिओवरच्या जाहिराती क्लिक करा." प्रेमाने केलं होतं. मी अर्ध्या तासात त्याला ते काढायला लावलं. स्वतः किंवा ठरवून क्लिक करवून घेणं नियमात बसत नाही, त्यापायी जाहिरातीचं खातं कायमचं बंद होऊ शकतं. पात्र व्हायच्या आधीच घरच्यांना हे समजावून ठेवा.

आता लिंक. माझं खरं सांगणं इथे आहे.

अफिलिएट लिंक म्हणजे व्हिडिओच्या खाली आपण ॲमेझॉनसारख्या दुकानाची खास लिंक देतो, तिथून कोणी काही घेतलं तर आपल्याला कमिशन मिळतं. ॲमेझॉनच्या या योजनेत खातं उघडल्यापासून १८० दिवसांत ३ विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी घेतलेलं धरत नाहीत. लिंक दाबल्यापासून साधारण २४ तासांत त्या माणसाने टोपलीत जे टाकलं त्यावर कमिशन लागू शकतं, लिंक दिलेलीच वस्तू घ्यायला हवी असं नाही. माझ्या सोल्डरच्या (वायर जोडायला वितळवतात त्या तारेच्या) लिंकवर जाऊन एकाने शाळेचं दप्तर घेतलं होतं.

हे सगळं कळल्यावर कोणाच्याही मनात येईल तेच माझ्याही आलं. मिक्सरचा व्हिडिओ आहे, खाली नव्या मिक्सरची लिंक का देऊ नये? कमिशन टक्क्यांत असतं. ४० रुपयांच्या कार्बनवर मिळून मिळून किती मिळणार, ३,००० च्या मिक्सरवर किती!

मिक्सरचं उदाहरण नीट बघू. मोटर चालू होते पण जोर नाही, खालच्या जाळीतून ठिणग्या दिसतात, जळका वास येतो. उलटा करून खालचं झाकण काढलं की मोटरच्या दोन बाजूंना पितळी खोबणीत दोन कार्बन दिसतात, पेन्सिलच्या शिशासारखे काळे, मागे स्प्रिंग. नवा असतो तेव्हा बोटाच्या पेरापेक्षा थोडा कमी लांब. माझ्याकडे आलेल्या एका मिक्सरमध्ये एका बाजूचा इतका झिजला होता की स्प्रिंगच कम्युटेटरला (मोटरच्या फिरणाऱ्या तांब्याच्या भागाला) घासत होती आणि तांब्यावर काळी रेघ पडली होती. ती बारीक पॉलिश पेपरने पुसली, दोन्ही कार्बन एकदम बदलले, भांडं न लावता दोन-तीन मिनिटं फिरवलं. मिक्सर चालू झाला. आता, कार्बनचे आकार सगळ्या मिक्सरचे वेगळे. अर्धा मिलिमीटर जाड आला तर खोबणीत अडकतो, बारीक आला तर हलतो. ऑनलाइन लिंक दिली आणि माणसाने अंदाजाने मागवला, तर दहापैकी कित्येकदा तो बसत नाही. म्हणून त्या व्हिडिओत मी सांगते: जुना कार्बन खिशात घाला, घराजवळच्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात दाखवा, तसाच मागा. त्या व्हिडिओखाली कार्बनची लिंक नाही. नव्या मिक्सरचीही नाही. माझा सर्वात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तो आहे.

हे शहाणपण पहिल्या दिवशी नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी एका स्वस्त मल्टिमीटरची (व्होल्ट वगैरे मोजायच्या यंत्राची) लिंक दिली, केवळ त्याला स्टार चांगले होते म्हणून. माझ्या टेबलावर तो कधीच आला नव्हता. महिनाभराने कराडहून एका मुलाने फोटो पाठवला. मीटर २३० व्होल्टच्या जागी कधी ९० दाखवत होता, कधी शून्य. तो म्हणाला, "शून्य बघून मी वायरला हात लावणार होतो, टेस्टरने परत बघितलं म्हणून वाचलो." त्या रात्री मी झोपले नाही. लिंक काढली, व्हिडिओच्या सुरुवातीला तशी सूचना घातली, त्या मुलाला माझा जुना मीटर पाठवला. त्यानंतर नियम केला: जी वस्तू मी निदान तीन महिने वापरलीय, तिचीच लिंक. आज अशा वस्तू अकरा आहेत. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ६०-४० चं सोल्डर, एक मल्टिमीटर, स्क्रूड्रायव्हरचा सेट, टेबलावरचा दिवा, अशा. भाग जवळपास नाहीतच, हत्यारं आहेत. हत्यार एकदा घेतलं की बसणार की नाही हा प्रश्न नसतो, आणि माणूस पुढच्या दुरुस्तीला ते परत वापरतो.

मायक्रोवेव्ह उघडण्याचा व्हिडिओ करा असं मला वर्षातून वीसदा तरी सांगतात. त्याला व्ह्यूज येतील हे मलाही दिसतं. त्याच्या आतला कंडेन्सर भिंतीतला प्लग काढल्यानंतरही साधारण २,००० व्होल्ट धरून राहू शकतो. तो व्हिडिओ मी करणार नाही. नव्याने सुरू करणाऱ्यांनीही करू नये असं मला फार वाटतं.

लिंक दिली की ती कमिशनची आहे हे सांगायचं, आणि मराठी व्हिडिओत मराठीतच सांगायचं. एएससीआयने, म्हणजे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने, २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढले, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये आपली मार्गदर्शिका दिली. दोन्हींचा गाभा एकच: पैशांचं नातं लपवायचं नाही, आणि जिथे सहज दिसेल तिथे सांगायचं. मी लिंकच्या वरच्याच ओळीत लिहिते, "इथून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं, तुम्हाला किंमत तीच पडते," आणि तोंडाने एकदा बोलते. किंमत मात्र व्हिडिओत बोलत नाही, ती चार दिवसांत बदलते.

कंपन्या फुकट वस्तू पाठवायला लागल्या की बरं वाटतं. जुलै २०२२ पासून अशा भेटींची किंमत वर्षात एका देणाऱ्याकडून २०,००० रुपयांच्या वर गेली तर १० टक्के टीडीएसचा नियम लागू होतो. वस्तू परत केलीत तर तो लागत नाही. मी परत करते, आणि कुरियरची पावती वहीला टाचते. बाकी कराचं एखाद्या सीएला विचारा, पहिल्याच वर्षी. जाहिरातीचे आणि कमिशनचे पैसे वेगवेगळ्या ओळीत लिहून ठेवले असतील तर त्याचं काम अर्ध्या तासाचं असतं.

वस्तू वॉरंटीत असेल तर उघडू नका हे व्हिडिओच्या पहिल्या वाक्यात सांगा. सरकारचं राइट टू रिपेअर पोर्टल २४ डिसेंबर २०२२ ला सुरू झालं, तिथे कंपन्यांची मॅन्युअल आणि दुरुस्तीची माहिती मिळते. मी उघडण्याआधी तिथे डोकावते.

सामानासाठी माझी वाट ठरलेली आहे: दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराचा लॅमिंग्टन रोड. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर. हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट, वायर-बटणांसाठी लोहार चाळ. ऑनलाइन आणि तिथली किंमत मी वहीत शेजारी-शेजारी लिहिते आणि व्हिडिओत सांगते, मुंबईकरांनी तिथे जावं, गावाकडच्यांनी लिंक वापरावी. त्याने कमिशन कमी होतं, हो.

गेल्या वर्षी वही पहिल्यांदा पूर्ण जमेत गेली. भंगारातले मिक्सर, दिवा, माइक, गाडीभाडं, सगळं वजा जाऊन मागे ११,३०० रुपये उरले. माझ्या रात्रींची मजुरी त्यात धरलेली नाही, ती धरायला मी बसलेही नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जुन्या व्हिडिओंच्या लिंक एकेक करून उघडून बघते. या वेळी चार बंद निघाल्या. त्यातली एक टेबल फॅनच्या बुशची (ज्यात पंख्याचा शाफ्ट, म्हणजे दांडा, फिरतो त्या नळीची) होती, तो विकणाराच राहिलेला नाही. ती काढली आणि तिथे लिहिलं: जुना बुश सोबत घेऊन लॅमिंग्टन रोडला जा, शाफ्ट किती जाडीचा आहे ते आधी मोजा.